ऊब कोणास द्यावी?

गेल्या पौषातील एका सकाळी माझी धाकटी बहीण माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपला अपमान झाला आहे, आणि तो करणाऱ्यास त्याची जाणीवही नाही, असे कळले म्हणजे माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला होता. तिचा मुलगा गेली काही वर्षे नोकरीनिमित्त स्कॉटलंडात, एडिंबरा शहरी असतो. त्याने पाठविलेले एक छायाचित्र तिने माझ्यापुढे धरले. त्यात एक पांढरी बादली होती. बादलीच्या झाकणावर काचेची एक वाकडी नळी होती. आणि बादलीभोवती, आजारी मुलास गुंडाळावे तशी, एक गोधडी गुंडाळलेली होती. ती गोधडी मी ओळखली. आमच्या दिवंगत आईच्या दोन जुन्या लुगड्यांची ती होती, आणि मुलगा परदेशी निघाला तेव्हा बहिणीने ती महिनाभर बसून स्वतः शिवली होती.

चित्राखाली भाच्याने मोठ्या आनंदाने लिहिले होते की, त्याने घरीच बिअर करावयास घेतली आहे. घर उबदार ठेवण्याचा खर्च तिकडे फार. त्यामुळे त्याच्या खोलीत पारा तेरा अंशांवर येतो, आणि तेवढ्या थंडीत बादलीतील यीस्ट काही केल्या जागे होईना. शेवटी आईची गोधडी गुंडाळली, तेव्हा दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे येऊ लागले! "आजीच्या लुगड्यांची ऊबच वेगळी," असे त्याचे शेवटचे वाक्य होते.

"दादा," बहीण म्हणाली, "आईची लुगडी दारूच्या बादलीला! हे बरोबर आहे का, तूच सांग."

मी काहीतरी थट्टेचे बोललो. ती हसली नाही, आणि ती गेल्यावर मलाही माझे बोलणे खोटे वाटू लागले. तिने विचारलेला प्रश्न गोधडीचा नव्हता. आपल्या हातची माया, आपले कसब, आपला वेळ ज्या वस्तूच्या जोपासनेस लागतो, त्या वस्तूच्या पुढील करणीशी आपला संबंध किती, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर थट्टेने देता येत नाही.

प्रथम त्या बादलीत काय चालले होते ते पाहिले पाहिजे. कारण निंदा करावयाची असो वा स्तुती, वस्तू ठाऊक नसताना ती करू नये. बिअर सातूची होते. सातू भिजवून त्यास मोड आणतात, मग तो वाळवितात. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य उत्पन्न होते, ते गरम पाण्यात सातूच्या पिठाची साखर करते. तो गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळावयाचा, निववावयाचा, आणि त्यात यीस्ट घालावयाचे. येथपर्यंतचे काम माणसाचे. पुढचे काम माणसाच्या हातचे नाही. यीस्ट हा डोळ्यांस न दिसणारा जीव आहे. तो साखर खातो, आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू करतो. त्याची एकच अट असते, आणि ती म्हणजे ऊब. घरगुती बिअरचे सामान्य यीस्ट सुमारे अठरा ते बावीस अंश सेल्सियसमध्ये सुखाने काम करते. त्याच्या बरेच खाली पारा गेला, तर ते मरत नाही, निजते. फार तापविले तर ते भराभर काम करते खरे, पण पेयास उग्र, ओंगळ चव आणते. आणि आणखी तापविले तर मरते. थंडीत रमणारी यीस्टची एक जातही आहे; परंतु तिचे काम सावकाशीचे, आठवडेच्या आठवडे चालणारे.

यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आंबण्याची क्रिया एकदा नेटाने सुरू झाली की ती स्वतःच उष्णता उत्पन्न करते, आणि भांडे भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश अधिक गरम होते. त्या वेळी पांघरूण काढावे लागते. जे काल उपकारक होते तेच आज अपायकारक ठरते. ऊब देणाऱ्यास केवळ द्यावयाचे ठाऊक असून भागत नाही. त्याला पाहत राहावे लागते.

हे वाचून आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस नवल वाटणार नाही. आमचे यवतमाळ पठारावर वसलेले, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास उंच. हिवाळ्यातील रात्री येथे पारा दहा अंशांच्या घरात, कधी त्याच्याही खाली उतरतो. अशा रात्री दही लागणे ही सोपी गोष्ट नव्हे. माझी आजी विरजण घातलेले भांडे फडक्यात गुंडाळून चुलीच्या वैलाशी ठेवी, आणि निजण्यापूर्वी एकदा त्यास हात लावून पाही. दूध करंगळीस सोसवेल इतके कोमट असले पाहिजे, ही तिची मोजणी. आजचे शास्त्र त्यास चाळीस-बेचाळीस अंश म्हणते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील आमच्याकडे उन्हाळ्यात होते, तेव्हा ऊब शोधावी लागत नाही. पण तिचेही तत्त्व तेच. फ्रान्समधील पाश्चर या शास्त्रज्ञाने १८५७ साली दूध ज्यामुळे आंबते त्या क्रियेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला, लगोलग तो मद्याच्या आंबण्याकडे वळला, आणि १८७६ साली त्याने बिअरवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. दह्याचे जंतू निराळे आणि मद्याचे यीस्ट निराळे, हे खरे. परंतु दोन्हींच्या मुळाशी सूक्ष्म जीवांची हालचाल आहे, हा शोध एकाच माणसास एकाच वाटेवर लागला. आपण मात्र त्यातील एक भांडे देवघराशेजारी ठेवतो, आणि दुसऱ्याचे नाव घरात काढू देत नाही.

हे दुसरे भांडे मी एकदाच जवळून पाहिले. मी तेव्हा तरुण होतो, आणि केळापूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. गावापासून कोसभर अंतरावर कोलामांचे एक पोड होते. त्या पोडावरील एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, म्हणून मार्गशीर्षातील एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. घरात त्याची आजी होती. कुडाच्या झोपडीत एका कोपऱ्यात जमिनीत खड्डा करून त्यात कुटार भरलेले होते, त्यावर बारदान, आणि सर्वांवर एक घोंगडी नीट खोचून घातलेली होती. एखादे तान्हे मूल निजले असावे असे वाटून मी आवाज लहान केला. म्हातारीच्या ते लक्षात आले, आणि ती तोंडावर पदर घेऊन हसली.

"मोहाचा सडवा हाय जी गुरुजी," ती म्हणाली. "थंडीत आंबत नाही न थो. लेकरावानी जपा लागते त्याले."

मग तिने घोंगडीचा कोपरा उचलला, मडक्याच्या गळ्याशी कान नेला, क्षणभर ऐकले, आणि समाधानाने पुन्हा कोपरा खोचला. बुडबुडे ऐकू येत होते. भाच्याने काचेच्या नळीत जे डोळ्यांनी पाहिले, ते तिने कानांनी ऐकले. तापमापक यंत्र तिने कधी पाहिलेही नसेल. पण केव्हा झाकावे आणि केव्हा उघडावे, हे तिच्या तळहातास ठाऊक होते.

मोहाविषयी दोन शब्द येथे सांगितले पाहिजेत. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटप खाली पडतात. बाया आणि मुले उजाडण्यापूर्वी रानात जाऊन ती वेचतात, आणि वाळवून वर्षभर ठेवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. सातूची साखर करावी लागते. मोहात ती झाडानेच करून ठेवलेली असते. ही फुले भाजून खातात, भाकरीत घालतात, आणि भिजत घालून सडवाही करतात. तो आंबला म्हणजे भट्टीवर चढवून त्याची दारू गाळतात. म्हणजे बिअर जेथे संपते तेथून मोहाच्या दारूचा पुढचा, अधिक तीव्र भाग सुरू होतो. गोंड-कोलामांच्या जन्मात, लग्नात, मरणात आणि देवकार्यात मोहास मान आहे.

परंतु त्या संध्याकाळची जी गोष्ट माझ्या मनातून गेली नाही, ती निराळीच. माझा विद्यार्थी त्याच झोपडीत, दुसऱ्या कोपऱ्यात, तापाने फणफणत पडला होता, आणि त्याच्या अंगावर गोणपाट होते. घरातील एकुलती एक घोंगडी मडक्यावर होती.

मी रागावून बोललो. इतक्या वर्षांनी त्याची लाज वाटते. म्हातारीने रागास रागाने उत्तर दिले नाही. ती इतकेच म्हणाली, "हे इकलं तं त्याले सदरा येईन, गुरुजी."

या एका वाक्यापुढे माझी सर्व नीतिकथा गप्प झाली. घोंगडी कोणास द्यावी, हे मी शाळेत शिकवीत असे. पण एकच घोंगडी असली, आणि मुलाचा सदरा मडक्याच्या पोटात असला, तर काय करावे, हे मला कोणी शिकविले नव्हते.

आता कायद्याकडे पाहू. मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा १९३८ साली झाला. पुढे हा भाग मुंबई राज्यात आल्यावर १९४९ चा मुंबईचा दारूबंदी अधिनियम येथे आला, आणि तो नाव बदलून आजही चालू आहे. त्याच्या दृष्टीने परवान्यावाचून दारू गाळणारी ती म्हातारी गुन्हेगार होती. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मद्यपानास बंदी घालण्याचा प्रयत्न करावा असे राज्यास सांगितले आहे. आणि तेच राज्य परवान्याच्या दुकानांवरील करातून आपली तिजोरी भरते. इकडे ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यास १८८० पासून परवाना लागे. १९६३ साली ती अट काढून टाकली. घरच्यांपुरती करावी, मित्रांस द्यावी. विकावयाची झाल्यास मात्र परवाना हवा. म्हणून माझा भाचा छंदी आणि ती म्हातारी अपराधी. दोघांची थंडी एक, काळजी एक, कसब एक. इतकेच नव्हे, तर भाच्यास जे छंदाचे सुख त्यासाठीच तिला तुरुंगाचे भय. हा अन्याय आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते, आणि आजही बऱ्याच अंशी वाटते. कारागिरीची प्रतिष्ठा आम्ही हात पाहून ठरवितो, काम पाहून ठरवीत नाही.

तथापि येथेच थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिक होणार नाही. 'कसब पाहा, फळ पाहू नका' असे म्हणणारा मनुष्य बहुधा फळ भोगणाऱ्याच्या घरी गेलेला नसतो. आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात सायंकाळी दोन तास बसावे, म्हणजे दारूचे फळ काय ते कळते. शेजारच्या वर्ध्यात विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ पर्यंत होती. आमच्या जिल्ह्यातील बायांनीही ती वारंवार मागितली, मोर्चे काढले. या बाया कोणी सोवळ्या घरातील नव्हत्या. ज्यांच्या घरातील भांडी विकली गेली, ज्यांच्या पाठीवर वळ उठले, त्या होत्या. त्यांच्यापुढे यीस्टच्या निरागसतेवर व्याख्यान देण्याचे धैर्य मला नाही.

मग उत्तर कोठे शोधावे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. मडक्याच्या बाबतीत हे फार नेमके लागू पडते. मडके हे अधिष्ठान, म्हातारी कर्ता, कुटार आणि घोंगडी ही करणे, झाकणे-उघडणे या चेष्टा. आणि जे प्रत्यक्ष आंबविते ते तिच्या हाती नाही, ते दैवाच्या जागी. मी एकटाच कर्ता आहे असे मानणारा नीट पाहत नाही, असेही तेथे सांगितले आहे. परंतु यावरून काही चतुर लोक असा निष्कर्ष काढतात की, मी केवळ ऊब दिली, आंबले ते आपोआप, प्यायला तो आपल्या इच्छेने, मग माझा दोष कोणता? मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. पाचांपैकी चार कारणे आपल्या हाती नाहीत म्हणून जे एक हाती आहे त्याचा भार हलका होत नाही; उलट, जबाबदारी घेऊ शकेल असे त्या पाचांत तेच एक असल्यामुळे तो भार सगळा त्याच्यावर येतो.

हेतूने हा प्रश्न सुटत नाही. म्हातारीचा हेतू सदऱ्याचा होता, आणि त्याहून शुद्ध हेतू मी पाहिलेला नाही. परिणामानेही तो सुटत नाही. कारण परिणाम कोणास आधी दिसतो? हेतू आणि परिणाम यांच्यामध्ये काहीतरी असले पाहिजे, एवढेच मला कळत होते. ते काय, हे मला त्याच पोडावर कळले.

वीस-बावीस वर्षांनी एका कामानिमित्त मी पुन्हा त्या बाजूस गेलो. म्हातारी होती, दृष्टी गेली होती, पण आवाजावरून तिने मला ओळखले. माझा विद्यार्थी नव्हता. तिशी गाठण्यापूर्वीच तो दारूने गेला. तो आजीच्या भट्टीने बिघडला की तालुक्याच्या दुकानातील बाटलीने, हे कोणी सांगू शकणार नाही. म्हातारीने मात्र स्वतःपुरते ते ठरविलेले होते, आणि तेव्हापासून तिने विकण्यासाठी सडवा लावला नव्हता. घर नातसून चालवीत होती. गावातील दुकान बंद व्हावे म्हणून ज्या बाया तहसिलीत खेटे घालीत होत्या, त्यांत ती पुढे होती. गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हास मत दिले म्हणजे दुकान उठते, हा नियम तिला तोंडपाठ होता.

आणि त्याच घरात, त्याच कोपऱ्यात, कुटारात एक लहान मडके पुरलेले होते. चार दिवसांनी देवाचे कार्य होते.

मला ते विसंगत वाटले, आणि मास्तरकीची सवय म्हणून मी विचारलेही. नातसुनेने हातातील काम थांबविले नाही. ती म्हणाली, "देवाच्या मडक्यातलं कोन किती पेते, ते आमाले दिसते जी. दुकानवाल्याले दिसते काय?"

मी जे शोधीत होतो ते हेच. ऊब देणाऱ्याचे काम भांडे उघडल्यावर संपत नाही. ज्या नजरेने त्याने मडके राखले, तीच नजर त्याने प्यालेवाल्याच्या हातापर्यंत नेली पाहिजे. आणि जेथवर आपली नजर पोचत नाही तेथवर, अपाय करू शकणारी वस्तू डोळे मिटून पाठवू नये. कोणी म्हणेल, मग आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने कापूसही पिकवू नये काय? त्याचा कापूस कोठे जातो हे त्याला कोठे दिसते? परंतु कापसाचा सदरा अंगात घालणाऱ्यास मारीत नाही. जी वस्तू मारू शकते तिच्यापुरताच हा दंडक आहे, आणि तिच्यापुरता तो सर्वांना सारखा लागू आहे: मडक्याच्या मालकिणीस, दुकानदारास, आणि परवान्यावर शिक्का मारून मान फिरविणाऱ्या राज्यासही. किंबहुना ज्याचा हात लांब त्याची नजरही लांब असली पाहिजे. कायद्याने आजवर आखूड हाताच्या माणसाकडूनच नजरेचा हिशेब मागितला, ही माझी तक्रार आहे.

आणि ब्रिटनच्या त्या कायद्यानेही रेघ नेमकी विक्रीपाशीच ओढलेली आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. एडिंबऱ्याच्या शहाणपणास आणि केळापूरच्या पोडावरील शहाणपणास एकमेकांचा पत्ता नाही; तरी दोघांनाही एकच जागा धोक्याची दिसली.

तेव्हा मी भाच्यास विचारले, "ती बिअर कोण पिणार?" उपदेश केला नाही, प्रश्न केला. त्याने थोड्या विचारानंतर कळविले की, तो आणि तीन मित्र. चौथा मित्र वर्षापूर्वी कष्टाने या व्यसनातून सुटला आहे, त्याला त्या दिवशी बोलवावे की नाही याचा विचार त्याने केला नव्हता, आणि आता तो करीत आहे. पुढे त्याने लिहिले, "मामा, तिसऱ्या दिवशीच बादली स्वतःच गरम झाली, म्हणून गोधडी काढली. आता मीच घेऊन निजतो."

मी हे सर्व बहिणीस वाचून दाखविले. तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. आईच्या लुगड्यांची बाजू तिच्याकडे आहे, आणि ती खोटी नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या मित्राला निराळ्या दिवशी जेवायला बोलाव म्हणावं. आणि गोधडी आधी धुऊन घे म्हणावं."